कॉम्प्युटरला प्रवेश घ्यावा का? एआय आणि प्रोग्रामरची नोकरी

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागून कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या की सांगली-मिरजेत घरोघरी एकच विषय असतो. गेली काही वर्षं त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "पोरगं कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतंय, पण ते सगळं आता एआयच करणार म्हणतात. चार वर्षांनी नोकरी राहील का?" विचारणारे कुणी पलूसचे शेतकरी असतात, कुणी तासगावचे शिक्षक, कुणी कारखान्यातले कारकून. फीसाठी कर्ज काढायचं की नाही, हे त्यांना या उत्तरावर ठरवायचं असतं. त्यांना उत्तरं मात्र दोनच मिळतात. कुणी म्हणतं, "काही होत नाही हो, कॉम्प्युटरला मरण नाही." कुणी म्हणतं, "ते क्षेत्र संपलं, सिव्हिल घ्या." ही दोन्ही उत्तरं अर्धवट माहितीवर दिलेली असतात आणि त्यांची किंमत त्या घराला मोजावी लागते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

माझं मत आधीच सांगतो. कोड लिहून काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे चाललं आहे, आणि ते परत येणार नाही. काय बनवायचं ते ठरवणं, बनलेलं बरोबर आहे का ते तपासणं आणि चुकलं तर उत्तर देणं, हे काम अजून माणसाचंच आहे. पण माणूस हे दुसरं काम शिकायचा तो पहिलं काम करता करताच. म्हणजे खरा धोका पंधरा वर्षं काम केलेल्या प्रोग्रामरपेक्षा आज प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना जास्त आहे, आणि तोही वेगळ्या प्रकारचा आहे.

यंत्र कोड लिहितं म्हणजे काय करतं?

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांच्या पोटात जे असतं त्याला भाषेचं मॉडेल म्हणतात. त्याचं मूळ काम एकच: आतापर्यंतचा मजकूर बघून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायचा. तो तुकडा जोडायचा आणि पुन्हा पुढचा अंदाज. ज्या रचनेवर ही मॉडेल्स उभी आहेत ती ट्रान्सफॉर्मर नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर मॉडेलला वाचायला दिला जातो आणि त्यात जगभरच्या प्रोग्रामरांनी खुला ठेवलेला कोडही असतो. इतका कोड वाचल्यावर "यादीतल्या रकमांची बेरीज करायची असेल तर पुढे काय लिहितात" याचा अंदाज फार अचूक येऊ लागतो.

एवढ्यावर भागलं असतं तर प्रोग्रामरला फारशी चिंता नव्हती. पण कोडमध्ये एक गोष्ट अशी आहे जी कवितेत किंवा निबंधात नाही. कोड चालवून बघता येतो. बरोबर आला की चूक, हे यंत्राला माणसाशिवाय कळू शकतं. त्यामुळे मॉडेलला लाखो वेळा कोड लिहायला लावायचं, चाचण्या चालवायच्या, पास झालं तर शाबासकी आणि नापास झालं तर दुरुस्ती, असं शिकवता येतं. लेखन, वकिली, शिक्षण या क्षेत्रांपेक्षा प्रोग्रामिंगमध्ये एआयची प्रगती जास्त वेगानं झाली, त्याचं मोठं कारण हे आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे एजंट. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आलं तेव्हा ते तुमची ओळ पूर्ण करून द्यायचं. आताची साधनं स्वतः फायली उघडतात, कोड वाचतात, बदल करतात, चाचणी चालवतात, चूक आली तर ती वाचून पुन्हा बदलतात. तुम्ही मराठीत सांगितलं तरी चालतं. ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही असा माणूस आज संध्याकाळी बसून चालणारी वेबसाइट बनवू शकतो. हे खरं आहे, आणि ते नाकारून मुलांना धीर देण्यात अर्थ नाही.

ऊसबिलाचा प्रोग्राम

मग माणसाकडे काय उरतं? आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. कारखान्याचं ऊसबिल. ऐकायला सोपं आहे: भरलेल्या गाडीचं काट्यावर वजन, रिकाम्या गाडीचं वजन, फरक म्हणजे ऊस. त्याला दरानं गुणा, शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करा. एआयला एवढं सांगितलं तर चहा होईपर्यंत प्रोग्राम तयार, आणि तो चालेलसुद्धा.

आता खरं बिल बघा. ऊस यंत्रानं तोडला असेल तर पाचटाची वजावट किती धरायची? मजुरांनी तोडलेल्या उसाला वेगळा नियम आहे का? केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वार्षिक १५ टक्के व्याज. हे १४ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, गाडी कारखान्याच्या आवारात आली तेव्हापासून की वजन झालं तेव्हापासून? फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा निर्णय काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. म्हणजे हिशेबाचा पायाच दोनदा बदलला. प्रोग्राममध्ये हा बदल करताना आधीच्या हंगामाची बिलं जुन्या नियमानंच दिसली पाहिजेत, नाहीतर लेखापरीक्षणात घोटाळा.

आणखी पुढे जाऊ. विकास सोसायटीचं पीककर्ज ऊसबिलातून वसूल होतं. सातबारा वडिलांच्या नावावर, वडील वारले, वारसनोंद राहिली. कारखान्याकडे उसाची नोंद थोरल्याच्या नावानं, ऊस लावला धाकट्यानं, कर्ज वडिलांच्या नावानं. पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे आणि कर्ज कुणाच्या बिलातून कापायचं? याचं उत्तर कुठल्याही इंटरनेटवर नाही. ते कारखान्याच्या शेतकी खात्यात वीस वर्षं बसलेल्या माणसाला माहीत असतं, गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घेणाऱ्या चिटबॉयला माहीत असतं. बऱ्याचदा शेतकी खातं एक सांगतं आणि लेखा विभाग दुसरं सांगतो, आणि मग कार्यकारी संचालकांसमोर बसून ते मिटवावं लागतं.

प्रोग्रामरचं काम या टेबलावर सुरू होतं. कोड हा त्या कामाचा शेवटचा भाग आहे. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये हा फरक फार नेमकेपणानं मांडला होता. सॉफ्टवेअरमधली काही गुंतागुंत साधनांमुळे येते, ती चांगल्या साधनांनी कमी होते. पण काही गुंतागुंत मूळ कामातच असते, आणि ती कुठल्याही साधनानं जात नाही. ऊसबिलातली वारसनोंद दुसऱ्या प्रकारची आहे.

इथं एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो घ्यायला हवा: एआय हे प्रश्न विचारू शकणार नाही का? शकतं. आजची चांगली साधनं काम सुरू करण्याआधी प्रश्न विचारतात, आणि त्यातले काही अनुभवी माणसालाही सुचले नसते असे असतात. मी त्याला कमी लेखत नाही. पण शेतकी खात्याचं खरं मानायचं की लेखा विभागाचं, हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण ती माहिती लिहिलेलीच नाही. आणि त्याला विचारायचं सुचलं नाही तर ते थांबत नाही. मधली जागा एखाद्या गृहीतकानं भरतं आणि पुढे जातं. नोंद ज्याच्या नावावर त्याला पैसे, असं धरून चालतं. प्रोग्राम चालतो, चाचण्याही पास होतात, कारण चाचण्याही त्याच गृहीतकावर त्यानंच लिहिलेल्या असतात. चूक कळते ती धाकटा भाऊ कारखान्याच्या गटऑफिसला येऊन उभा राहतो तेव्हा. त्या वेळी त्याला उत्तर कोण देणार? संचालक मंडळ काही एआयला बोलावून जाब विचारू शकत नाही. कुठल्या तरी माणसाला "हे मी तपासलं होतं" किंवा "हे माझ्याकडून राहिलं" असं म्हणावं लागतं. पैशाचा, औषधाचा, विजेचा व्यवहार जिथं आहे तिथं त्या माणसाची गरज संपत नाही.

आकडे काय सांगतात?

एसडब्ल्यूई-बेंच नावाची एक कसोटी २०२३ मध्ये आली. पायथन भाषेतल्या बारा खऱ्या प्रकल्पांमधून २,२९४ खऱ्या तक्रारी निवडल्या आणि मॉडेलला सांगितलं, हे दुरुस्त कर. तेव्हाच्या सगळ्यात चांगल्या मॉडेलला दोन टक्केही जमल्या नाहीत. नंतर त्यातल्या ५०० तक्रारी माणसांकडून तपासून घेऊन वेगळी यादी केली गेली, आणि २०२५ मध्ये चांगली मॉडेल्स तिच्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त सोडवू लागली. दोन वर्षांत एवढी झेप. मात्र या कसोटीत प्रश्न आधीच लिहिलेला असतो आणि उत्तर बरोबर आहे का हे तपासणाऱ्या चाचण्याही तयार असतात. ऊसबिलात यातलं काहीच तयार नसतं.

दुसरा आकडा उलट दिशेचा आहे. मेटर या संशोधन संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या स्वतःच्याच, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआय वापरून करायची, काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि त्या प्रोग्रामरांना मात्र शेवटीही वाटत होतं की आपण २० टक्के लवकर काम केलं. या आकड्यावर मी कुणाला निर्धास्त राहायला सांगणार नाही. माणसं थोडी होती, साधनं तेव्हाची होती आणि त्यानंतर ती सुधारली आहेत. त्यातून घेण्यासारखं एवढंच की "एआयमुळे माझं काम दुप्पट झालं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ते मोजल्याशिवाय धरू नये. कोड भराभर येतो, पण वाचायला, समजायला, तपासायला लागणारा वेळ डोळ्याला दिसत नाही.

गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडचा पाव हिश्शाहून जास्त नवा कोड एआय तयार करतं. त्याच वाक्यात पुढे होतं की इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. बातम्यांचे मथळे पहिल्या अर्ध्या वाक्याचे झाले. तपासायचं कशासाठी, हे जुलै २०२५ मध्ये दिसलं. रेप्लिट या कंपनीच्या एजंटनं, काहीही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला.

शिडीची खालची पायरी

आता ज्या भागाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२ च्या अखेरीस सर्वांत जास्त होती. जुलै २०२५ पर्यंत ती जवळपास २० टक्क्यांनी घसरली. मोठ्या वयाच्या डेव्हलपरांची संख्या तशी पडली नाही. याला एकटं एआय जबाबदार आहे असं म्हणता येत नाही. कोविडच्या काळात कंपन्यांनी बेसुमार भरती केली होती, नंतर व्याजदर वाढले, खर्चाला कात्री लागली. संशोधकांनी अशी कारणं बाजूला काढायचा प्रयत्न केला तरी तरुणांची घट उरलीच. हे चित्र अमेरिकेचं आहे. पण आपल्याला ते जास्त लागू होण्यासारखं आहे, कमी नाही.

कारण आपला आयटी उद्योग ज्या पद्धतीनं वाढला ती बघा. परदेशी ग्राहकाला माणसं आणि तास मोजून बिल लावायचं. त्यासाठी दरवर्षी कॉलेजांतून फ्रेशरांच्या तुकड्या उचलायच्या, काही महिने प्रशिक्षण द्यायचं, मग चाचण्या लिहिणं, छोटे बग म्हणजे कोडमधल्या चुका काढणं, जुन्या कोडमध्ये किरकोळ बदल, रिपोर्ट बनवणं अशी कामं द्यायची. सांगली-साताऱ्याची हजारो मुलं हिंजवडीत अशीच उभी राहिली. शेतकऱ्याच्या घरात पहिला पगार आला, घर पक्कं झालं, धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं. आणि एआय आज जे काम सगळ्यात चांगलं करतं ते नेमकं हेच. ज्या कामासाठी पाच जण लागायचे तिथं दोन लागले तर तास मोजून बिल लावणारी पद्धतच हलते. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये साधारण १२,००० लोक, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनीच्या प्रमुखांनी एआयला त्याचं कारण मानलं नाही आणि त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते, हेही नोंदवायला हवं. पण घराघरांत त्याचा अर्थ काय घेतला गेला ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे.

छोटे बग काढता काढता मुलगी दुसऱ्याचा कोड वाचायला शिकायची. ग्राहकाची तक्रार आली की मूळ कारण शोधायला शिकायची. पाच-सात वर्षांनी तिला ऊसबिलासारख्या प्रश्नात काय विचारायचं ते कळायचं. ही खालची पायरी कंपन्यांनी काढून टाकली तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर यायला माणूस कुठून आणणार, याचं उत्तर आज कुठलीच कंपनी देत नाही. प्रत्येकीला वाटतं, शिकवायचं काम दुसरीनं करावं.

जुना इतिहास थोडा धीर देतो. १९५७ मध्ये आयबीएमनं फोरट्रान आणली, तेव्हा प्रोग्रामरांना यंत्राच्या भाषेत एकेक सूचना लिहायची गरज उरली नाही. १९६० च्या सुमारास कोबोल आली, ती तर साध्या इंग्रजीसारखी वाचता यावी म्हणूनच. त्यानं प्रोग्रामर कमी झाले नाहीत, कित्येक पट वाढले, कारण सॉफ्टवेअर स्वस्त झालं आणि पूर्वी परवडत नव्हती अशी कामं निघाली. आपल्याकडेही अशी न झालेली कामं ढीगभर आहेत. उपसा सिंचनाच्या पाणीपुरवठा संस्थांची बिलं, शीतगृहातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या नोंदी, निर्यातीच्या द्राक्षांवरच्या फवारण्यांचा हिशेब. यातलं बरंच वहीत किंवा एक्सेलमध्ये चालतं, कारण नीट सॉफ्टवेअर बनवून घ्यायला पैसे नाहीत. तो खर्च आता झपाट्यानं उतरतो आहे. तरी मी इतिहासावर पूर्ण भार टाकणार नाही. फोरट्रान स्वतः काही लिहीत नव्हती, आणि वाढलेली कामं त्याच शहरात, त्याच पगारावर येतील असं कुठं लिहिलेलं नाही.

मग करायचं काय?

पालकांना माझं सरळ उत्तर: मुलाला-मुलीला या विषयाची खरी ओढ असेल तर कॉम्प्युटर जरूर घ्या. फक्त "कॅम्पसला पॅकेज मिळतं" म्हणून घेत असाल तर थांबा, कारण सरसकट भरतीची ती वाट अरुंद होते आहे.

विद्यार्थ्यांना सांगायचं ते थोडं कडू आहे. पहिली दोन वर्षं एआयकडून कोड लिहून घेऊ नका. शंका विचारा, समजावून घ्या, पण लिहायचं स्वतः. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय परीक्षेपुरते उरकू नका, कारण यंत्रानं दिलेलं चूक आहे हे ओळखायला तेच उपयोगी पडतात. एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचाचं, नाव ठोकून देतं, आणि त्या नावानं कुणी घातक कोड टाकून ठेवलेला असू शकतो. ज्याला पाया माहीत नाही तो ते डोळे मिटून बसवतो. तिसऱ्या वर्षापासून मात्र एआय भरपूर वापरा. तेव्हा ते न वापरणं म्हणजे स्वतःचं नुकसान.

आणि प्रोजेक्ट खरा करा. समजा कृष्णेच्या पाणीपातळीचं ॲप करायचं ठरवलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं. एआय एका दिवसात ॲप देईल, नकाशा देईल, लाल-पिवळे रंगही देईल. आता विचारा: पातळीचा आकडा यायचा बंद झाला तर पडद्यावर काय दिसेल? शेवटचा आकडा तसाच राहिला तर रात्री दोनला नदीकाठच्या गावभागातली एखादी आजी "अजून ३९ फूटच आहे" म्हणून झोपून राहील. आकडा किती जुना आहे ते ठळक दिसलंच पाहिजे, ठरावीक वेळेनंतर तो पडद्यावरून जायला पाहिजे, आणि वीज-इंटरनेट गेल्यावर साधा एसएमएस तरी पोचला पाहिजे. ज्या मुलानं २०१९ चा पूर बघितला आहे त्याला हा प्रश्न पडतो. प्लेसमेंटच्या मुलाखतीत अशा एका प्रश्नावर अर्धा तास बोलता येणारी मुलगी दहा आयते प्रोजेक्ट दाखवणाऱ्यापेक्षा जास्त ठसते.

शेवटची विनंती इथल्या संस्थांना. वालचंद कॉलेज सांगलीत १९४७ पासून आहे, त्यानंतर जिल्ह्यात इतरही कॉलेजं उभी राहिली. शेजारी साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, दूध संघ आहेत, बाजार समिती आहे. मोठ्या कंपन्या शिकाऊ माणसाला जागा देणार नसतील तर ती जागा इथं करता येते. प्रत्येक कारखान्यानं तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी घ्यावेत, त्यांना थोडं विद्यावेतन द्यावं, आणि काटा सुरू झाल्यापासून शेवटचं बिल निघेपर्यंत एक पूर्ण गळीत हंगाम शेतकी खात्याच्या टेबलाशेजारी बसू द्यावं. कॉलेजांनी त्याचे गुण धरावेत. यासाठी मुंबई-दिल्लीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. प्राचार्य आणि कार्यकारी संचालक एकदा भेटले तर येत्या हंगामापासून हे सुरू होऊ शकतं.